हट्टी ठरवलेली घोडी: स्वारी शिकताना स्वभाव ओळखण्याचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरण प्रौढ वयात घोडेस्वारी शिकू लागलेल्या एका बाईंचे आणि त्यांच्या स्वतःच्या घोडीचे आहे. बाईंची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचा उल्लेख ‘मालकीणबाई’ असा केला असून घोडीचे नावही बदलून ‘मैना’ असे ठेवले आहे. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मैना विकून टाकावी असे त्यांच्या मनाने जवळपास घेतले होते. विकण्यापूर्वी एकदा कोणा शिक्षकाने तिला नीट पाहावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. घोड्याचा स्वभाव म्हणून जे सांगितले जाते त्यातले किती खरोखर घोड्याचे, किती स्वाराचे, किती दुखण्याचे आणि किती नकळत लावलेल्या सवयीचे, याची फोड इतक्या स्पष्टपणे करता यावी असा योग शिक्षकाच्या वाट्याला क्वचित येतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवीत आहे.

मैना अकरा वर्षांची, कुमैत रंगाची, आटोपशीर बांध्याची घोडी आहे. आधीच्या मालकाकडे ती लांब पल्ल्याच्या रपेटीला जात असे आणि तेथे तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मालकीणबाईंनी स्वारीचे पहिले धडे एका शाळेच्या शांत घोड्यांवर घेतले, आणि मांड (घोड्यावरची बैठक) पक्की होण्याआधीच, मनात भरली म्हणून, मैना विकत घेतली. त्यानंतर शाळेच्या घोड्यांवर बसणे बंद झाले. स्वतःचा घोडा असताना दुसऱ्याच्या घोड्यावर कशाला शिकायचे, हा विचार स्वाभाविक असला तरी या प्रकरणातील बऱ्याच अडचणींचे मूळ त्यातच होते.

तक्रार त्यांनी एका दमात सांगितली: “सर, घोडी हट्टी आहे, आळशी आहे आणि वर बिथरतेही.” हे तीन शब्द एकत्र ऐकले की मी सावध होतो. आळशी घोडा सहसा बिथरण्याचे कष्ट घेत नाही, आणि जो घोडा पाचोळा उडाला तरी दचकतो त्याला आळशी म्हणणे कठीण असते. एकाच जनावराच्या अंगी तिन्ही गोष्टी दिसत असतील तर दिसणारे वर्तन एक आणि त्यामागची कारणे अनेक असण्याची शक्यता अधिक असते.

पहिली पाहणी

पहिल्या दिवशी मी काहीही शिकवले नाही. नेहमी जसे करता तसे करा, असे सांगून रिंगणाच्या मध्यभागी उभा राहिलो. साध्या चालीत मैना ठीक चालत होती. दुडकी, म्हणजे चालीहून जलद उसळती गती, सुरू झाली आणि चित्र बदलले. उठबस करताना मालकीणबाईंची टाच प्रत्येक पावलाला घोडीच्या बरगडीला लागत होती; त्यांना त्याची जाणीवही नव्हती, कारण ती टाच इशारा देण्यासाठी नव्हे तर तोल राखण्यासाठी लागत होती. आणि तोल जरा मागे गेला की हात आपोआप वर येऊन लगाम ताणला जात होता. म्हणजे टाच सांगत होती पुढे चल, तोंडातली कडी सांगत होती थांब, आणि हे दोन्ही हुकूम एकाच क्षणी, न थांबता चालू होते. मैना दर टाचेला शेपूट झटकत होती, तिचे कान मागे वळत होते आणि दुडकी हळूहळू मरत जाऊन चालीवर येत होती. दोन परस्परविरोधी मागण्यांमधून तिने काढलेला तो मार्ग होता, आणि मला तो समंजस वाटला.

त्याच पाहणीत ती आणखी दोन ठिकाणी थांबली. एक म्हणजे रिंगणाच्या फाटकापाशी. तेथे ती दर फेरीला गती कमी करी आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला सरळ उभी राही. मान सैल, डोळा मऊ, एक मागचा पाय विसावलेला. दुसरे ठिकाण कुंपणालगत ठेवलेल्या निळ्या पिंपाचे. ते पिंप आदल्या दिवशी तेथे नव्हते. तेथेही ती उभीच राहिली, पण ते उभे राहणे अगदी वेगळे होते: मान उंच, दोन्ही कान पिंपाकडे रोखलेले, नाकपुड्या रुंदावलेल्या, चारही पाय जमिनीत रोवल्यासारखे. मालकीणबाईंनी तिन्ही ठिकाणी सारखाच उपाय केला, लगाम आखडला आणि टाच जोरात मारली. त्यांच्या दृष्टीने तिन्ही वेळा घडले ते एकच होते, घोडी अडली.

या प्रकरणाचा गाभा या तीन थांबण्यांत आहे. जमिनीवरून पाहणाऱ्याला कान, मान आणि मागचे पाय दिसतात, त्यामुळे त्यांतला फरक ओळखणे फारसे अवघड नसते. पाठीवर बसलेल्या माणसाला मात्र फक्त गती गेल्याचे कळते, आणि गती जाण्याला आपल्याकडे एकच नाव तयार असते.

आधी दुखणे

स्वभावाची चर्चा करण्यापूर्वी दुखण्याचा प्रश्न निकाली काढणे हा माझ्या दृष्टीने नियमच आहे. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वारीखालील घोड्याच्या वेदनेची ओळख पटवणारी २४ वर्तनांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८ किंवा त्याहून अधिक वर्तने दिसली तर स्नायू, सांधे किंवा हाडांचे दुखणे असण्याची शक्यता बळावते, असे त्यांचे निरीक्षण आहे. या यादीत काय आहे हे प्रत्येक स्वाराने एकदा तरी पाहावे. शेपूट पुन्हा पुन्हा झटकणे, कान बराच वेळ मागे दाबून ठेवणे, दुडकीची गती अवाजवी मंद होणे, पुढे जायला नाखूश असणे, अचानक दिशा बदलून बिथरणे, ही सगळी वर्तने त्यात येतात. म्हणजे हट्टी, आळशी आणि बिथरणारी या तिन्ही विशेषणांना वेदनेच्या यादीत जागा आहे. एखाद्या घोड्याचा स्वभाव ‘वाईट’ असल्याचे कोणी सांगितले की मला पहिल्यांदा त्याचे खोगीर पाहावेसे वाटते, ते यामुळेच.

मैनाचे दात, पाठ, खूर आणि पाय पशुवैद्यांनी तपासले. तिला सरळ रेषेत, वर्तुळात, मऊ आणि कडक जमिनीवर चालवून पाहिले. लंगडेपणा आढळला नाही. खोगीर मात्र खांद्याच्या हाडामागे आवळत होते आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना ती मान वळवून दात दाखवत असे. मोतद्दार या सवयीला तिचा रागीटपणा समजत होता. खोगिराची गादी दुरुस्त करून घेतली, तंग एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने आवळायला सुरुवात केली, आणि दात दाखवणे काही दिवसांतच जवळपास थांबले. स्वारी करतानाचे चित्रीकरण यादीशी ताडून पाहिले तेव्हा संख्या आठाच्या आत राहिली होती. शेपटीचे झटके कायम होते, पण ते नेमके टाचेच्या तालावर होते. दुखण्याचा भाग एवढा होता. तो लहान होता, तरी तो आधी बाजूला केला नसता तर पुढचे सगळे निष्कर्ष संशयास्पद ठरले असते.

परक्या घोड्यांवर

यानंतर मी मालकीणबाईंना काही काळ मैनावर बसू नका असे सांगितले. त्यांना ते रुचले नाही. घोडी माझी बिघडली आहे आणि धडे मात्र दुसऱ्याच घोड्यावर, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. तरीही त्या तयार झाल्या. मैनाची रोजची हालचाल माझ्या साहाय्यकाने लांब दोरीवर आणि मोकळ्या चालीवर सांभाळली.

त्यांच्यासाठी मी दोन घोडे निवडले. पहिला शाळेचा जुना, थोराड पांढरा घोडा. असंख्य नवशिक्यांच्या टाचा खाऊन त्याची बरगडी जवळजवळ बधिर झाली आहे. निरर्थक स्पर्शाकडे दुर्लक्ष करायला तो शिकला आहे. मालकीणबाईंची टाच त्याला दर पावलाला लागू लागली तेव्हा तो मैनासारखा शेपूट झटकत थांबला नाही, वेगही वाढवला नाही, आपल्या मनाने मध्यम दुडकीत चालत राहिला. थांब म्हटले तर थांबेना, चल म्हटले तर चालेना. टाच एकदाच, स्पष्ट, आणि तो पुढे सरकताच पाय पूर्ण शांत, असे करता आले तेव्हाच त्याने उत्तर दिले. घोड्याला दाबातून शिकवण्याचे सगळे मर्म दाब सोडण्याच्या क्षणात असते: योग्य प्रतिसाद मिळताच दाब गेला तर घोडा शिकतो, दाब चालूच राहिला तर तो दाबाला निरर्थक मानायला शिकतो. हे वाक्य मालकीणबाईंनी पूर्वी अनेकदा ऐकले असेल. पांढऱ्या घोड्याने ते त्यांच्या पोटरीला शिकवले.

दुसरी घोडी हलकी, तापट, पायाच्या नुसत्या स्पर्शाने उसळी घेणारी. तिच्यावर मालकीणबाई घाबरून गुडघे आवळीत, आणि गुडघे आवळले की ती आणखी पळे. पळे म्हणून त्या आणखी आवळीत. हे चक्र तोडण्यासाठी त्यांना श्वास सोडत कंबर सैल करायला आणि लगामाला आधार म्हणून धरण्याची सवय मोडायला बरेच दिवस लागले. या टप्प्यात मी त्यांना रिकिबीशिवाय, लांब दोरीवर, हात मांडीवर ठेवून बसवले. मांड पक्की करण्याचा याहून जुना आणि याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही. रिकीब नसली की पाय लांब सुटतो, ओटीपोट घोड्याच्या पाठीबरोबर हलू लागते, आणि हाताला तोल सावरण्याचे काम उरत नाही.

येथे शाळेच्या घोड्यांविषयी दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. त्यांना ‘यंत्रासारखे’ म्हणण्याची पद्धत आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. तो पांढरा घोडा नवशिक्याचा तोल ढळला की स्वतःहून खांदा त्या बाजूला नेतो; पाण्याच्या हौदाजवळून जाताना मात्र दर वेळी अर्धे पाऊल आखडतो; लहान मुले पाठीवर असली तर त्याची चाल वेगळी असते. त्याचा स्वभाव आहेच, पण सहनशीलतेच्या थरांखाली तो झाकला गेला आहे आणि तो पाहायला वेळ द्यावा लागतो. नवशिक्यांचे चुकार हुकूम दिवसभर पोटात घालणाऱ्या या घोड्यांच्या जिवावर आम्हा शिक्षकांची सगळी विद्या उभी असते.

तुलनेचा परिणाम मालकीणबाईंनी स्वतःच बोलून दाखवला. पांढरा घोडा त्यांच्या चुकीकडे दुर्लक्ष करी, तापट घोडी त्यांच्या चुकीने पळे. मैना यांपैकी काहीच करीत नसे. त्या म्हणाल्या, “मैना थांबते आणि कान मागे फिरवते. जणू विचारते, नक्की काय म्हणताय?” घोड्याच्या मनात प्रश्नार्थक वाक्य असते असा दावा मी करणार नाही, पण निरीक्षण अचूक होते. संदिग्ध इशारा मिळाला की दुर्लक्ष करणारा, पळणारा आणि थांबणारा असे तीन वेगळे घोडे त्यांनी आता आपल्या अंगाने अनुभवले होते. एकाच घोड्यावर बसून हा भेद कधीच कळला नसता, कारण स्वतःच्या घोड्याचे वागणे हेच तेवढे घोड्याचे वागणे वाटत राहते.

तीन थांबण्यांचा उलगडा

मालकीणबाई पुन्हा मैनावर बसल्या तेव्हा पहिले थांबणे, म्हणजे दुडकी मरत जाणे, जवळपास आपोआप गेले. टाच शांत झाली होती, हात घोडीच्या तोंडाबरोबर पुढे-मागे जाऊ लागला होता. शेपटीचे झटके विरळ झाले. आळशीपणा म्हणून जो दोष तिच्या माथी मारला गेला होता तो सर्वस्वी स्वाराचा निघाला, आणि उलट असे दिसले की तिची त्वचा विलक्षण संवेदनशील आहे. पोटरी नुसती टेकवली तरी तिला पुरते. कडक खरारा लावला की तिची कातडी थरथरते आणि ती बाजूला सरकते. मऊ ब्रश घेतला की शांत उभी राहते. आळशी ठरवलेली ही घोडी वास्तविक माझ्या पागेतील सर्वांत हलक्या इशाऱ्याची घोडी होती.

फाटकापाशी थांबणे हे सवयीचे होते. मालकीणबाई तास संपला की फाटकाजवळ उतरत, खोगीर सैल करीत, आणि कित्येकदा मैना तेथे अडली म्हणून कंटाळून तास तेथेच संपवीत. घोडीने शिकायचे ते नेमके शिकले होते: फाटकाशी उभे राहिले की ओझे उतरते. याला स्वभाव म्हणून कौतुकाने सोडून देणे चुकीचे ठरले असते. उतरण्याची जागा रोज बदलली, फाटकाजवळ थोडे अधिक काम आणि दूरच्या कोपऱ्यात विश्रांती असा क्रम ठेवला, तेथे तिने गती कमी करताच आणि पूर्ण थांबण्याआधीच एकदा हलका इशारा द्यायचा असे ठरवले. ही सवय जायला वेळ लागला आणि मध्ये एक-दोनदा ती परतही आली, पण त्यात गूढ असे काही नव्हते.

उरले निळे पिंप. येथे मात्र आम्हाला खरी मैना भेटली.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्याला सुमारे ३५० अंशांचे दृश्य दिसते. दोन्ही डोळ्यांनी मिळून एकत्र दिसणारा पट्टा मात्र अवघा ६५ अंशांच्या आसपासचा असतो आणि तो नाकाच्या रोखाने पुढे व खाली पसरलेला असतो. दूरच्या वस्तूवर तो पट्टा आणायचा तर घोड्याला नाक पुढे काढून मान उचलावी लागते. मालकीणबाई नेमक्या त्याच क्षणी लगाम आखडून तिचे नाक छातीकडे ओढीत होत्या. जे पाहून तिला खात्री करून घ्यायची होती तेच पाहण्याचा मार्ग बंद होत होता, आणि वर टाच लागत होती.

म्हणून पिंपापाशी करायचे ते असे ठरले: ती थांबली तर थांबू द्यायचे, लगाम हातभर सोडायचा, पाय पोटाला न लावता सैल ठेवायचे, स्वतः पिंपाकडे न पाहता त्याच्या पलीकडच्या खांबाकडे पाहायचे आणि श्वास सोडायचा. मागे वळण्याची मात्र मुभा नाही. तिने तोंड फिरवू पाहिले तर एका लगामाने शांतपणे पुन्हा समोर आणायचे. पहिल्या दिवशी मैना बराच वेळ खिळून उभी राहिली. मग तिने मान खाली आणली, पुन्हा उचलली, नाकाने एक लांब, सैल, थरथरता श्वास सोडला, आणि कोणी काही न सांगता एक पाऊल पुढे टाकले. ते पाऊल पडताच मालकीणबाईंनी तिच्या मानेच्या मुळाशी, खोगिराच्या पुढे असलेल्या पाठीच्या उंचवट्यावर बोटांनी खाजवले. घोडे एकमेकांना तेथेच दातांनी खाजवतात, आणि त्या जागी खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात दिसून आले आहे. थोपटण्यापेक्षा खाजवणे घोड्याला अधिक कळते. मानेवर फटाफट थापा मारण्याची जी रूढी आहे तिचा उपयोग मला कधी जाणवलेला नाही.

परतीच्या फेरीत, दुसऱ्या बाजूने येताना, ती त्याच पिंपाला पुन्हा अडली. घोड्याच्या एका डोळ्याने पाहिलेले दुसऱ्या डोळ्याला कळत नाही, मेंदूच्या दोन भागांत देवाणघेवाण नसते, अशी समजूत तबेल्यांतून अजून सांगितली जाते. ती खरी नाही. एका डोळ्याने शिकलेली गोष्ट घोडा दुसऱ्या डोळ्याने ओळखतो हे १९९९ मधील प्रयोगांनी दाखवले आहे. परंतु दुसऱ्या बाजूने पाहिलेल्या वस्तूचा आकार, सावली आणि पार्श्वभूमी बदललेली असते. मैनासारख्या बारकाईने पाहणाऱ्या घोडीला तेवढे पुरेसे होते. तिला दोन्ही दिशांनी एकेकदा पाहू दिले की ते पिंप तिच्या लेखी कायमचे संपे. तिसऱ्यांदा ती त्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

यात मालकीणबाईंचा वाटाही होता. २००९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी केलेल्या एका प्रयोगात काही माणसांना घोडा ठरावीक अंतर चालवीत नेण्यास सांगितले आणि शेवटच्या फेरीपूर्वी आता छत्री उघडली जाईल अशी कल्पना दिली. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या आणि घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले. नवी वस्तू दिसताच मालकीणबाई श्वास रोखून धरतात हे त्यांना तापट घोडीवर उमगले होते. मैनावर तो रोखलेला श्वास सुटू लागला तसे तिचे थांबणे आखूड होत गेले. पण ते नाहीसे झाले नाही. सर्व बाहेरची कारणे दूर केल्यानंतरही नव्या वस्तूपुढे थांबणे, पाहणे आणि मग स्वतःहून जाणे हा क्रम टिकला, आणि माझ्या मते तोच मैनाचा स्वभाव.

स्वभाव म्हणजे काय ते पाहताना

घोड्यांच्या स्वभावावर फ्रान्समध्ये लेआ लान्साद यांनी केलेले काम या ठिकाणी उपयोगी पडले. त्यांनी स्वभावाची पाच अंगे वेगळी मोजली: भय, कळपाची ओढ, माणसाविषयीचा प्रतिसाद, हालचालीची वृत्ती आणि स्पर्शाची संवेदना, आणि ही अंगे काळ व प्रसंग बदलला तरी एकाच घोड्यात बऱ्याच अंशी टिकून राहतात असे दाखवले. या चौकटीचा मोठा फायदा असा की ‘चांगला घोडा’, ‘वाईट घोडा’ हे शब्द आपोआप गळून पडतात. मालकीणबाईंनी एक वही घालून त्यात मैनाचे वागणे या अंगांनी लिहायला सुरुवात केली. स्पर्शाची संवेदना फार जास्त. कळपाची ओढ कमी: सोबतचा घोडा नजरेआड झाला तर इतर घोडे खिंकाळतात, ही एकदा कान टवकारते आणि चरू लागते. हालचालीची वृत्ती मध्यम. भय मध्यम, पण त्याची तऱ्हा पळण्याची नव्हे, थांबण्याची. माणसाविषयी ती हुरळत नाही. हाक मारली तर धावत येत नाही, पण आपण जवळ जाऊन उभे राहिलो तर काही वेळाने नाक आपल्या कोपराजवळ आणून ठेवते आणि तिथेच राहते.

या वहीने त्यांना घोडीविषयी जे प्रेम दिले ते पूर्वीच्या भरात घोडी घेण्याच्या प्रेमापेक्षा वेगळे आहे, आणि मला ते अधिक टिकाऊ वाटते, कारण ते प्रत्यक्ष समोर असलेल्या घोडीवर आहे.

एका रपेटीत उतारावर त्यांच्या उजव्या रिकिबीचा पट्टा निसटला. तोल उजवीकडे गेला, त्या आयाळ धरून लोंबकळल्या, आणि मैना दोन पावलांत उभी राहिली. त्या सावरून बसेपर्यंत जागची हलली नाही. घोडीने आपल्याला जपले, असे मालकीणबाईंना वाटले. मी तेवढे म्हणणार नाही. पाठीवरचे वजन अनपेक्षितपणे एका बाजूला गेले, हा तिच्या दृष्टीने एक न समजलेला इशारा होता, आणि न समजलेल्या इशाऱ्याला ती जे नेहमी करते तेच तिने केले. परंतु हेही तितकेच खरे आहे की तापट घोडी त्या उतारावर त्यांना घेऊन पळाली असती. रिंगणात ज्या गुणाला हट्ट म्हटले गेले तोच गुण उतारावर कामी आला. मैना विकण्याचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही.

या काळात अनुभवी स्वारांकडून एक सल्ला वारंवार येत होता: अडते तेथे एकदा चाबकाचा चांगला फटका द्या, पुन्हा अडणार नाही. फटक्याने ती त्या पिंपावरून पुढे गेलीही असती. पण ज्या क्षणी घोडी अनोळखी वस्तूचा अंदाज घेत आहे त्याच क्षणी वेदना झाली तर त्या वेदनेचा संबंध ती वस्तूशी जोडते, आणि पुढच्या वेळी तिच्याजवळ पाहण्याइतकाही धीर उरत नाही. थांबणाऱ्या घोडीची पळणारी घोडी अशीच तयार होते. याच्या उलट टोकालाही मला तितकाच आक्षेप आहे. स्वभाव समजला म्हणून फाटकाची सवयही स्वभावातच जमा करणारे, घोडीला काहीच न शिकवता तिचे मन राखणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांची घोडी सुखी नसते, कारण तिच्याकडून काय हवे आहे हे तिला कधीच कळत नाही.

सध्याची स्थिती

मालकीणबाईंनी उड्यांच्या वर्गातून नाव काढून घेतले. मैना उडी मारू शकत नाही असे नाही. पण प्रत्येक नव्या अडथळ्यापाशी तिला पाहायला वेळ हवा असतो, आणि उड्यांच्या रांगेत तो वेळ देता येत नाही. त्याऐवजी जमिनीवर ठेवलेले दांडे, अरुंद वाटा, फाटक उघडून पलीकडे जाणे, अशा कामांचा वर्ग दोघींनी धरला आहे, आणि तेथे मैनाची सावध पाहणी कामी येते. दांड्यावरून पाऊल टाकताना ती खूर इतक्या नेमकेपणाने ठेवते की दांडा क्वचितच हलतो. पांढऱ्या घोड्यावरचे धडे मी बंद केलेले नाहीत. मांड कोठे ढळते ते मालकीणबाईंना त्याच्यावर अजूनही लवकर कळते.

उजव्या अंगाच्या कँटरचा (दुडकीच्या वरच्या, आटोपशीर धावेचा) प्रश्न मात्र सुटलेला नाही. डाव्या बाजूला मैना सहज उचलते. उजव्या बाजूला तीन-चार पावलांत पाय बदलते किंवा दुडकीवर येते. मालकीणबाईंची उजवी कंबर आखडते हे खरे आहे, आणि सारा दोष त्या कंबरेवर टाकण्याचा मोह होतो. पण कँटरमध्ये पाय पुन्हा पुन्हा बदलणे हे डायसन यांच्या यादीतलेही एक वर्तन आहे, आणि माझा साहाय्यक बसला असतानाही ते एक-दोनदा दिसले. त्यामुळे मैनाच्या मागच्या पायांची आणि कंबरेची तपासणी पशुवैद्यांकडून पुन्हा करून घ्यायचे ठरले आहे. तोपर्यंत उजवीकडचा कँटर बंद ठेवला आहे.